मला कर भरायचा आहे

बाई,

माझी नोकरी गेली आणि त्यात तुमचा हात आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की असा ठपका आता तुमच्यावर ठेवणं कुणालाही वेडेपणाचं वाटेल. पण मेलेल्या माणसांना तुम्हीही कधी सोडलं नाहीत. धडा लिहिणारा वारला म्हणून त्याची चूक माफ होत नाही, असं तुम्ही फळ्यासमोर उभं राहून म्हणायचात. तोच न्याय मी आज तुम्हाला लावतेय. मी कोण ते तुम्हाला चटकन आठवणार नाही, तुमच्या हाताखालून पुष्कळ मुली गेल्या. करमाडच्या अलीकडच्या वस्तीवरची धनगराची पोर, मुकुंदवाडीत मामाकडे राहून तुमच्या शाळेत यायची, जिच्या तोंडचं ‘न्हाई’ तुम्ही उपटून काढलंत, ती मी.

आठवीचा वर्ग आहे, माझा पहिला दिवस. तुम्ही हजेरी संपवून पुस्तक उघडता, माझ्याकडे बोट करता आणि धडा वाचायला सांगता. गावच्या शाळेत कुणी आम्हाला उभं करून वाचायला लावलेलं नव्हतं. मला घाम फुटतो. मी म्हणते, “मला न्हाई येत, बाई.” तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवता. “काय म्हणालीस? परत म्हण.” मी परत म्हणते. तुम्ही हसत नाही, रागावतही नाही. वर्गाकडे वळून शांतपणे सांगता, “मुलींनो, ही म्हणते तसं सगळ्यांनी एका सुरात म्हणा.” आणि सगळा वर्ग म्हणतो. तुम्ही बोटांनी टेबलावर ताल धरता, वर्ग पुन्हा म्हणतो. व्हरांड्यातून जाणारा शिपाई दारात थांबून बघतो. “ऐकलंस कानाला कसं लागतं ते?” तुम्ही विचारता. “उद्यापासून मेंढरं घरी बांधून यायचं. इथं त्यांना प्रवेश नाही.” त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत मी मेंढी होते. मधल्या सुट्टीत मुली माझ्या पाठीमागून ‘बें’ करायच्या. तुम्ही स्टाफरूमच्या दारात चहाचा कप घेऊन उभ्या असायचात आणि तुम्हाला ते ऐकू यायचं, हे मी पाहिलेलं आहे. तुम्ही मला कधी मारलं नाहीत. मारलं असतं तर विसरले असते. हातावर पट्टी मारणाऱ्या गणिताच्या बाईंचा आज चेहरासुद्धा आठवत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही मला रविवारी घरी बोलवायला लागलात. गुलमंडीच्या मागच्या बोळात तुमचं घर, जिना चढून गेलं की लगेच स्वयंपाकघर. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून पोहे परतताय आणि मी उंबऱ्याच्या बाहेर वर्तमानपत्र धरून अग्रलेख वाचतेय. आत ये, असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत आणि मीही कधी पाऊल टाकलं नाही. “पूर्णविराम मला ऐकू आला पाहिजे,” तुम्ही पाठ न वळवता म्हणता. “तुमच्याकडची माणसं एका दमात सगळं कालवून बोलतात, कुठं काय संपलं काही कळत नाही. वाक्य संपलं की थांब. समोरच्याला कळू दे संपलं म्हणून.” मी एका वाक्यात दुसरं घुसवलं की उलथनं कढईच्या काठावर आपटायचं. त्या आवाजानं मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पोहे झाले की तुम्ही विचारायचात, “खाऊन आली आहेस ना?” तुम्ही ते अशा सुरात विचारायचात की ‘हो’शिवाय दुसरं उत्तर नव्हतं. मी हो म्हणायचे आणि ओल्या खोबऱ्याचा वास नाकात घेऊन जिना उतरायचे. मला वाटायचं, बाईंचा आपल्यावर जीव आहे, नाहीतर वर्गातल्या दुसऱ्या कुणाला घरी का बोलवत नाहीत. कारण मला पुढं कळलं. वक्तृत्व स्पर्धेची ढाल तुमच्या जावेच्या शाळेनं नेली होती आणि ती तुम्हाला परत हवी होती. तुमच्या स्वतःच्या मुलीचा आवाज पहिल्या बाकापलीकडे पोचत नव्हता. माझा आवाज माळरानावर मेंढरांमागं ओरडून तयार झालेला होता. माझ्याजवळ तुमच्या उपयोगाचं तेवढंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी तुम्ही पिशवीतून तुमच्या मुलीच्या काळ्या सँडल काढल्यात. “त्या टायरच्या चपला घालून वर गेलीस तर लोक तुझ्या पायांकडेच बघत बसतील,” म्हणालात. सँडल मला लहान होत्या. बक्कल लावताना तुम्ही खाली वाकलात, आणि तुमच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास मला आला. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. तुम्ही बक्कल ओढून घट्ट केलंत. भाषण संपेपर्यंत माझी टाच सोलून निघाली होती, पण मी एकही पूर्णविराम चुकवला नाही. ढाल आपल्याला मिळाली. सभागृहात टाळ्या चालू होत्या तेव्हा तुम्ही पडद्यामागं माझ्या कानाशी येऊन म्हणालात, “हुरळून जाऊ नकोस. लोक टाळ्या वाजवतात म्हणजे त्यांचं ऐकून झालेलं असतं.” मी सँडल काढून तुमच्यापुढं धरल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “राहू देत तुला. घामाच्या झाल्यात, आता ती काही घालायची नाही.” आयुष्यात मला शिक्षकांकडून मिळालेली ही एकच भेट.

त्या सुट्टीत वस्तीवर गेले. आबा जेवायला बसले होते, मला हाक मारली. मी म्हणाले, “मला आत्ता भूक नाही. मी नंतर जेवेन.” आबांचा हात भाकरीवर थांबला. आईला म्हणाले, “आगं, आयकलं का? पोरगी पाव्हण्यावानी बोलाया लागली.” ते हसले, आई पण हसली. मी पण हसले. पण त्यानंतर आबा माझ्याशी जपून बोलायला लागले, तालुक्याला एखाद्या साहेबापुढं बोलताना शब्द चाचपून बोलायचे तसे. मेंढरांची गोष्ट सांगता सांगता मधेच थांबायचे आणि म्हणायचे, “तुला काय त्याचं, तू अभ्यास कर.” मरेपर्यंत ते माझ्याशी तसेच बोलले.

पुढं कॉलेज अर्धवट राहिलं, लग्न झालं. नवरा लासूर स्टेशनचा, शेंद्र्याला एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला लागला. आजही ठेकेदाराच्याच हाताखाली आहे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी सासरी होते, मुलगी तान्ही होती, मी आले नाही. ती शाळेत जायला लागल्यावर आम्ही शहरात खोली केली आणि मी उस्मानपुऱ्यात एका कर सल्लागाराच्या ऑफिसात चिकटले. आधी फोन घ्यायला होते, मग हळूहळू रिटर्न भरायला शिकले. कुणाचा पगार किती, विमा किती, घराचं कर्ज किती, हे सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं, शेवटी साहेब एक नजर टाकायचे. जुलैत ऑफिसात पाय ठेवायला जागा नसायची. शिक्षक, बँकवाले, कंपन्यांतले सुपरवायझर कागद घेऊन जिन्यापर्यंत उभे. साहेब लोकांना कौतुकानं सांगायचे, “आमच्या ताईंचं बोलणं ऐकून माणूस दुसरीकडं जात नाही.” तेव्हा मला तुमची आठवण यायची, आणि खोटं कशाला बोलू, चांगली यायची. पगार मात्र असा होता की तो कुणाला सांगायला तुम्ही घडवलेला आवाज लागत नव्हता, पुटपुटून भागायचं.

अर्थसंकल्पाच्या दिवशी साहेब ऑफिसात मोठा टीव्ही लावतात आणि जुन्या क्लायंटना बोलावतात. त्या वर्षीही बोलावले होते. खुर्च्या मांडल्या, मी चहाचं बघत होते. बारा लाखांपर्यंत कर नाही, अशी घोषणा झाली आणि बाहेर एकदम गलका उठला. बँकेतून निवृत्तीला आलेले एक काका, दरवर्षी माझ्याच टेबलावर बसून रिटर्न भरून घेणारे, खुर्चीवरून उठून साहेबांना मिठी मारतायत. कुणीतरी पेढे आणायला पळालं. सगळ्यांनी मोबाइल काढले आणि आपले किती वाचले याचा हिशेब करत एकमेकांना दाखवायला लागले. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन सगळ्यांपुढून फिरले. काका म्हणाले, “घ्या ताई, तुम्हीपण तोंड गोड करा. आज आपला दिवस आहे.” मी घेतला.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. मी आतल्या खोलीत गॅसपाशी कप भरत होते, तिथं ते आले. म्हणाले, “ताई, बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही म्हटल्यावर आपल्याकडं कोण येणार आता?”

मी म्हणाले, “पण साहेब, कर शून्य आला तरी रिटर्न भरावंच लागतं ना.”

“ते तुम्हाला कळतं, मला कळतं. लोकांना वाटणार, सुटलो एकदाचे. आपली निम्मी गर्दी याच लोकांची आहे.” त्यांनी भरलेले कप ट्रेमध्ये सरकवले. मग म्हणाले, “यंदा पगारवाढीचं काही काढू नका. आहे ते टिकलं तरी पुष्कळ.”

बाहेर टीव्हीवरही लोक पेढे खात होते. त्यांची सूट माझ्या पगारातून जाणार होती. ते काही त्यांनी ठरवून केलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातही नसेल. पण त्या घटकेला मला बँकेच्या काकांच्या तोंडातला पेढा बोट घालून काढावासा वाटला.

तेवढ्यात शहरातल्या कुठल्याशा यूट्यूब चॅनलचा माणूस माईक घेऊन आला. सामान्य माणसाच्या प्रतिक्रिया घ्यायला तो कर सल्लागाराच्या ऑफिसात आला होता. काका म्हणाले, आम्हा मध्यमवर्गाला पहिल्यांदाच कुणीतरी माणूस समजलं. दुसऱ्या एकानं सांगितलं, इतकी वर्षं कर आम्ही भरायचा आणि फुकट दुसऱ्यांनी खायचं असं चाललं होतं. लोकांनी माना डोलावल्या. मी हातात ट्रे घेऊन मागं उभी होते. माईकवाला म्हणाला, “सर, एक महिला पाहिजे होती.” साहेबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. “ताई, तुम्ही बोला ना दोन शब्द. तुमचं बोलणं छान आहे. घरच्या बजेटचं वगैरे काहीतरी.”

मी ट्रे खाली ठेवला आणि बोलले. एकेक शब्द पाठ आहे, कारण नंतर मी तो इतक्यांदा ऐकला. मी म्हणाले, “ज्यांना सूट मिळाली त्यांचं मनापासून अभिनंदन. मी या ऑफिसात बसून दिवसभर लोकांचे कर भरते. माझी कमाई एवढी कमी आहे, की मला काही माफ करायची वेळ सरकारवर कधी आलीच नाही. मला सूट नको. मला कर भरायचा आहे. कर लागेल एवढा पगार मला कुणीतरी द्यावा.” टाळ्या पडल्या. काका “वा, ताई, वा!” म्हणाले. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. मी ट्रे उचलून आत गेले. मला बाई, ढाल मिळाल्यासारखं वाटत होतं.

पहिले दोन दिवस ती क्लिप आख्खी फिरली. मग कुणीतरी ती कापली. तुम्ही मला पूर्णविरामाला थांबायला शिकवलं होतंत ना? ‘मला कर भरायचा आहे’, इथं मी थांबले होते, समोरच्याला कळावं संपलं म्हणून. नेमकी तिथंच त्यांनी कात्री चालवली. पुढचं वाक्य गेलं, मागचीही गेली. मी आबांसारखी बोलले असते, एका दमात सगळं कालवून, तर कुणाच्या बापाला ते कापता आलं नसतं. आता माझं तोंड, त्याखाली मोठी अक्षरं आणि ते एकच वाक्य उरलं. वर ढोलकी लावली. मी वाक्य म्हणते आणि म्हशीचं रेकणं येतं, असं एक होतं. एकानं खाली लिहिलं, बाईंना भरू द्या, वर्गणी काढा. एकानं लिहिलं, रेशन फुकट, दवाखाना फुकट आणि वर तोंड बघा. एकानं माझ्या आडनावावरून जात शोधून काढली आणि मग तिथं त्याच्यावरच पान भरलं. काहींनी कीव केली, गरीब बिचारी म्हणाले, ते वाचून मला शिव्यांपेक्षा जास्त राग आला. पण खरा घाव एकाच माणसानं घातला. त्यानं लिहिलं, ‘एवढं शुद्ध बोलते म्हणजे शिकवून उभी केलेली आहे. गरीब लोक असं बोलत नाहीत.’ त्याला शेकडो लोकांनी दुजोरा दिला. मी मोबाइल पालथा ठेवला आणि किती तरी वेळ हसत बसले. त्याचं काय चुकलं, बाई? शिकवून उभी केलेलीच होते मी.

जालना रोडवर शेअर रिक्षात बसले तर रिक्षावाला आरशातून बघतो आणि विचारतो, “वो टॅक्स वाली आपाच है ना आप?” मी नाही म्हणते. तो म्हणतो, “आवाज तो वैसाच है.” शेजारच्या दोघी बायका पदर तोंडाला लावून हसतात. त्यातल्या एकीच्या पिशवीत धुण्याभांड्याच्या घरून मिळालेलं शिळं अन्न आहे, मला डबा दिसतोय. ती हसत म्हणते, “भरा की मग, कोण नाय म्हनतंय?” मला वाटतं, हिला धरून विचारावं, तू कुणाच्या बाजूनं हसतेस गं. पण ते विचारायला पुन्हा तोच आवाज काढावा लागला असता. मी सिडकोला जायचं सोडून मधेच उतरले आणि चालत गेले.

नवरा कामावरून आला तो चप्पल न काढताच पलंगावर बसला. म्हणाला, “आज बसमदी पोरांनी लावलं तुझं. सगळी बस वरडत व्हती, मला कर भरायचा आहे, मला कर भरायचा आहे. ड्रायव्हर हार्न वाजवत व्हता.” त्या बसमधल्या एकालाही जन्मात कधी कर लागलेला नाही. सगळे ठेकेदाराचे.

मी विचारलं, “तुम्ही काय केलं?”

“मी काय करनार? त्यायला कुठं म्हाईत तू माझी बायको हायेस.” त्यानं पाणी मागितलं, प्यायला, तांब्या खाली ठेवला. “मीबी हसलो. नाय हसलो असतो तर कळलं असतं.” मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “लई शिकवलं तुझ्या बाईनं बोलायचं. गप कवा बसायचं ते कुणी शिकवायचं?”

आणि मुलगी. ती अकरावीला आहे. तिच्या कॉलेजात मुलींनी ती क्लिप लावून तिला विचारलं, ही तुझी आई ना गं? तिनं सांगितलं, नाही, दिसते तशी, पण नाही. हे तिनंच मला येऊन सांगितलं, भाजी निवडता निवडता, साध्या आवाजात. तिला कॉलेजात मेंढी म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि त्यासाठी आई नाकारावी लागली तर तिनं ती नाकारली. मी पण ‘न्हाई’ नाकारलंच होतं. ती उठून गेली आणि मी निवडलेली भाजी कचऱ्यात आणि देठं पातेल्यात टाकली, हे जेवायला बसल्यावर कळलं.

साहेबांना लोक गमतीनं टोमणे मारायला लागले होते. ज्यांनी आख्खी क्लिप पाहिली होती ते म्हणायचे, “साहेब, पगार वाढवा की ताईंचा, टॅक्स भरायचाय त्यांना.” साहेब हसायचे. मग हळूहळू हसेनासे झाले. एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बसायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसले.

“ताई, तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत,” ते म्हणाले. “उलट छानच बोललात. पण ऑफिस माझं होतं ना.”

“साहेब, तुम्हीच म्हणालात बोला.”

“बोला म्हणालो. पगाराचं बोला म्हणालो नव्हतो.” ते खरंच दुखावलेले होते, डोळ्यांत पाणी आलंय की काय असं वाटत होतं. “घरी बायको विचारते, तुम्ही त्या बाईला देता तरी काय. मी काय सांगू तिला?”

मी म्हणाले, “देता ते सांगा.”

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले आणि म्हणाले, काम तर यंदा कमी होणारच आहे, महिनाअखेरपर्यंत या. मी उठले. दारापाशी पोचले तेव्हा म्हणाले, “आणि हो, फोनवर एक मुलगी घेतोय, कमी पगारात तयार आहे. लोकांशी कसं बोलायचं ते तेवढं तिला दाखवून जा.” मी तिला सगळं दाखवलं. हॅलो कसं म्हणायचं, ऑफिसचं नाव सांगून कुठं थांबायचं. ती सिल्लोडकडची होती, ‘व्हय’ म्हणायची. मी तिला म्हणाले, “व्हय नाही. हो.” ती लाजली आणि हो म्हणाली. शेवटच्या दिवशी मी तुमच्यासारखी टेबलावर बोटं वाजवत बसले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग मी बरेच महिने घरी होते. साहेबांना वाटलं होतं तसंच झालं, लोकांना सुटलो असं वाटलं, आणि त्यांच्यासारख्या सगळ्या लहान ऑफिसांतून माणसं कमी झाली. मी जिथं जायचे तिथं आधी माझ्या चेहऱ्याकडं बघायचे. “अरे, त्या तुम्हीच का?” म्हणायचे, चहा द्यायचे, फोटो काढायचे. काम द्यायचं म्हटलं की सांगायचे, तुम्ही बाहेर काहीतरी बोलाल, आमची पंचाईत होईल. एकीकडं तर मॅडमनी मला सल्ला दिला की थोडं तोंड सांभाळावं, शिकलेल्या बाईला ते शोभतं. त्यांच्या जिन्यावरून उतरताना मी तुम्हाला शिवी दिली, बाई. आबा चुकलेल्या मेंढराला द्यायचे ती, आमच्या बोलीतली. ती तुम्ही काढून टाकायची विसरला होतात.

गेल्या आठवड्यात सिडकोत एका नव्या ऑफिसात गेले. मालक तरुण आहे, माझ्याहून पुष्कळ लहान, त्याचे दोन मित्र बसले होते. त्यानं मला ओळखलं आणि खुर्चीवरून अर्धा उठला. मी रिटर्नचं सांगायला लागले, मला काय काय येतं ते, तर त्यानं ऐकूनच घेतलं नाही. म्हणाला, “ताई, ते सगळं राहू द्या, तुमच्यावर विश्वास आहे. एक काम करा, ते वाक्य म्हणा ना एकदा. आपण ऑफिसच्या पेजवर टाकू. टॅक्स भरायचाय? मग आमच्याकडे या. लोक पोट धरून हसतील.” मित्रानं मोबाइल समोर धरला. दुसऱ्यानं पंखा बंद केला, आवाज येतो म्हणून.

मी म्हटलं. मालक म्हणाला, “मस्त. पण चेहरा जरा रडका आला. परत घेऊ या. या वेळी हसून म्हणा, ताई.”

मी परत म्हटलं, हसून. सोमवारपासून कामावर आहे, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. घरी नवऱ्याला मी फक्त काम मिळालं एवढं सांगितलं आहे, ते पेज त्याच्या बसमध्ये पोचेपर्यंत तरी शांतता आहे. तुम्हाला लिहिलेलं मात्र कुठं पोचायची भीती नाही. मी हे पाकिटात घालणार नाही, चुलीवर पाणी तापवते तेव्हा पेटवायला कामाला येईल. म्हणून एक गोष्ट यात लिहून टाकते. दुसऱ्यांदा मी ते वाक्य पहिल्यापेक्षा खूप चांगलं म्हटलं. ती तिघं पोरं हसून हसून लाल झाली. आणि मला बरं वाटलं.